रिकाम्या काट्यावर बावन्न किलो

उत्तर बरोबर आले म्हणजे काम बरोबर झाले, असे म्हणता येईल काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. ज्याने सारे आयुष्य शाळेत गणित शिकविण्यात घालविले, त्याने तर तो विचारूच नये. पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरील उत्तरांशी मुलांची उत्तरे ताडून पाहावयाची, जुळले की बरोबरची खूण करावयाची, न जुळले की फुली मारावयाची, हाच आमचा जन्मभराचा उद्योग. परंतु मागील पावसाळ्यात आमच्या ओट्यावर घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने त्या खुणेवरील आमचा विश्वास डळमळला. तो प्रसंग आणि त्यातून उठलेले विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही राहतो ते लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यात, मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येणाऱ्या लोहमार्गावर आहे. मूळ लासूर गाव शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीच्या मंदिरासाठी परिचित. आमची वस्ती मात्र निजामाच्या राजवटीत आलेल्या आगगाडीच्या पाठोपाठ वाढली आणि ‘स्टेशन’ हे जणू तिचे आडनावच होऊन बसले. गाडी आली म्हणून बाजार वाढला. आज येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा, मका यांसारखा शेतमाल येतो. जेथे बाजार तेथे काटा, आणि जेथे काटा तेथे मापाडी. आमच्या शेजारी असेच एक मापाडी राहतात. त्यांची थोरली मुलगी रोज सकाळच्या गाडीने संभाजीनगरला महाविद्यालयात जाते व संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास करते. घरी आल्यावर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील मराठी धडे ऐकून ती आपली उजळणी करते. अडले की आमच्याकडे येते. संगणकातील आम्हांस फारसे कळत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण ‘सरांना हिशेब कळतो’ अशी तिची श्रद्धा.

त्या दिवशी तिला एक प्राथमिक स्वाध्याय मिळाला होता. दहा पोत्यांची वजने दिली आहेत. त्यांची बेरीज करणारी आज्ञावली ‘सी’ भाषेत लिहावयाची. वजने अशी होती: 52, 49, 51, 50, 53, 48, 50, 46, 47 आणि 51 किलो. संगणकाला एकेक पोते हाताळावयास दहा वेळा वेगवेगळे सांगावे लागत नाही. ‘अमुक क्रमांकापासून आरंभ कर, अमुक क्रमांकापर्यंत जा, आणि प्रत्येक फेऱ्यात हे काम कर’ असे एकदाच सांगितले की पुरते. या फेऱ्याला ते ‘लूप’ म्हणतात. ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. संध्याकाळी जपमाळ हाती घेऊन घरातील माणसे बसतात तेव्हा दहा नमो मरियांचा एक फेरा, आणि अशा फेऱ्यांचे पुन्हा पाच फेरे, असाच हा प्रकार आहे. मण्यांवर बोट फिरते ते मोजणी चुकू नये म्हणूनच.

मुलीने लूप लिहिला तो असा: क्रमांक 1 पासून आरंभ कर, आणि क्रमांक 10 हून लहान आहे तोवर चालू ठेव. संगणकाने उत्तर दिले 445. हाताने केलेली बेरीज 497. ती रडवेली होऊन म्हणाली, “सर, कॉम्प्युटर चुकतोय.”

आम्ही तिला समजाविले की यंत्र चुकत नाही. आपण सांगतो ते आणि तेवढेच ते करते. हे बोलणे योग्य होते. पुढे आम्ही जे केले ते योग्य नव्हते. ‘दहाहून लहान’ म्हणजे नऊपर्यंतच, तेव्हा एक फेरा कमी पडतो, असे आम्ही तात्काळ ताडले आणि कोणते पोते गळाले हे पाहण्याचीही तसदी न घेता तिला सांगितले, “दहासुद्धा धर.” तिने तसे केले. या वेळी उत्तर आले ते सहा आकडी! दहा पोत्यांचे वजन लाखांच्या घरात गेलेले पाहून आम्ही दोघेही चकित झालो.

पुन्हा पहिली स्थिती आणली. पुन्हा 445. वजाबाकी केली तेव्हा फरक निघाला 52. आमच्या गणिती डोक्याने सोपी वाट काढली. शेवटी बेरजेत 52 मिळव, म्हणजे झाले! तिने एक ओळ वाढविली. पडद्यावर 497 उमटले. मुलीचा चेहरा खुलला. आम्हीही मनातल्या मनात बरोबरची खूण करून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी वही द्यावयाची होती. संध्याकाळ होत आली होती. उत्तर जुळले होते.

इतक्यात तिचे वडील कामावरून परतले. लेकीने मोठ्या हौसेने त्यांना पडदा दाखविला आणि शेवटच्या ओळीसह सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आम्हांस विचारले, “सर, उद्या एकच पोतं आलं तर?”

मुलीने करून पाहिले. एकच पोते, वजन 47 किलो. संगणक म्हणाला, 52.

“आणि एकबी आलं नाही तर?”

एकही पोते नाही. संगणक म्हणाला, 52.

“रिकाम्या काट्यावर बावन्न किलो?” ते हसले, पण ते हसणे थट्टेचे नव्हते. “आम्ही माल घालायच्या आधी काटा बघतो, सर. रिकामा काटा शून्य दाखवत नसंल, तर पुढचं सगळं वजन खोटं.”

आमच्या मानेला खाली पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. संगणक कधी न हाताळलेल्या त्या गृहस्थांनी नेमके तेच केले होते, जे या शास्त्रातील जाणते लोक नव्या आज्ञावलीची परीक्षा घेताना करतात. मधल्या सोयीच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता ते टोकांना तपासतात: एक असेल तर काय, काहीच नसेल तर काय, शेवटचा असेल तर काय. चूक बहुधा टोकाला लपलेली असते.

‘आरंभी शून्य’ हे शब्द कानी पडताच मुलीने कागद घेतला. त्यावर तिने चार रकाने आखले: फेरा, क्रमांक, वजन, बेरीज. संगणकाला बाजूस सारून ती स्वतःच संगणक झाली आणि आपल्याच आज्ञा निमूटपणे, एकेक करून पाळू लागली. पहिल्याच ओळीत वजनाच्या रकान्यात 49 आले. “पण पहिलं पोतं तर 52 चं आहे!” ती थबकली. गळाले होते ते शेवटचे पोते नव्हे, पहिले. आम्ही टोक बरोबर ओळखले होते, पण दुसरे.

कारण असे की ‘सी’ भाषेत यादीतील पहिल्या वस्तूचा क्रमांक 1 नसून 0 असतो. आपणांस हे विचित्र वाटते. पण तेथे क्रमांक हा मोजणीचा आकडा नसून आरंभापासूनचे अंतर असतो. लासूर, पोटूल, दौलताबाद, संभाजीनगर ही चार नावे घ्या. नावे चार, पण त्यांच्यातील टप्पे तीनच. लासूरला उभ्या असलेल्या माणसाला लासूर गाठण्यासाठी किती टप्पे ओलांडावे लागतात? शून्य. पहिल्या पोत्यापर्यंत पोहोचण्यासाठीही कोणतेच पोते ओलांडावे लागत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी 1982 मध्ये एक छोटे टिपण लिहून मोजणी शून्यापासूनच का असावी याची कारणे मांडली होती. आणि आमच्या ‘दहासुद्धा धर’ या उपदेशाने झाले काय? दहा पोत्यांचे क्रमांक 0 ते 9 असल्याने क्रमांक 10 हे अकरावे, म्हणजे अस्तित्वातच नसलेले पोते. ‘सी’ भाषा अशा वेळी हटकत नाही. स्मृतीच्या पुढच्या कप्प्यात जे काही पडले असेल ते पोते समजून बेरजेत घेते. पायथॉनसारख्या दुसऱ्या एखाद्या भाषेने तेथेच थांबून तक्रार केली असती. काही सोबती आपल्या चुकीवर ओरडतात, काही गप्प राहून साथ देतात. पहिले त्रासदायक वाटतात, दुसरे सोयीचे. हिताचे कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

मुलीने आरंभ 0 केला, शेवट ‘पोत्यांच्या संख्येहून लहान’ असा ठेवला, आणि 52 ची ओळ पुसून टाकली. दहा पोती: 497. एक पोते: 47. एकही नाही: 0. उत्तर पूर्वीचेच आले, 497. पण ते आता निराळे 497 होते.

येथेच आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. दोन्ही 497 मध्ये फरक काय? कागदावर काहीच नाही. शेवटचे पान पाहणाऱ्या शिक्षकाने दोहोंना सारखेच गुण दिले असते. तरीही एक सत्य होते आणि दुसरे असत्य. पहिले उत्तर पोत्यांकडे पाहून आलेले नव्हते. अपेक्षेकडे पाहून आलेले होते. ते काय आहे ते सांगत नव्हते, काय हवे आहे ते सांगत होते. साक्षीदाराने न पाहिलेली घटना ऐकीव माहितीवर सांगितली आणि ती योगायोगाने खरी निघाली, तरी त्याची साक्ष खरी ठरत नाही, तसेच हे.

याहूनही पुढे जाऊन आम्ही म्हणू की 445 हे चुकीचे उत्तर त्या पहिल्या 497 पेक्षा अधिक प्रामाणिक होते. ते निदान बोट दाखवीत होते की येथे काही बिघडले आहे, शोधा. आम्ही मिळविलेल्या 52 ने चूक दुरुस्त केली नाही. चुकीची जीभ कापली. ज्वर उतरावा म्हणून तापमापीच फोडावी, असा तो उपचार होता.

लूपमधील चुकीचा आणखी एक गुण असा की ती एकदा होऊन थांबत नाही. साध्या ओळीतील चूक एकदाच घडते. फेऱ्यातील चूक प्रत्येक फेऱ्याला घडते, आणि म्हणून ती सवयीसारखी असते. याचे एक थोर उदाहरण आपल्या भिंतीवरच टांगलेले आहे. ज्युलिअस सीझरने इ. स. पूर्व 46 मध्ये पंचांगाची सुधारणा करून दर चौथ्या वर्षी एक दिवस अधिक धरावा असा नियम घालून दिला. इ. स. पूर्व 44 मध्ये त्याची हत्या झाली आणि नियम पुरोहितांच्या हाती आला. रोमन लोक मोजताना आरंभाचा आकडाही धरीत असत. त्यामुळे ‘दर चौथ्या’ वर्षाचा अर्थ त्यांनी केला दर तीन वर्षांनी. मॅक्रोबिअस या रोमन लेखकाने नोंदविले आहे की 36 वर्षांत नऊऐवजी बारा अधिक दिवस धरले गेले. शेवटी सम्राट ऑगस्टसला बारा वर्षे अधिक दिवस न धरण्याची आज्ञा काढावी लागली.

त्या पुरोहितांना हसण्यापूर्वी आपण आपली भाषा पाहावी. ‘आठ दिवसांनी ये’ असे आपण म्हणतो तेव्हा सात दिवसांनीच ये असे आपणांस म्हणावयाचे असते; सोमवारी सांगितले तर येणारा पुढच्या सोमवारीच येतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे चौदा. शुक्रवारी क्रुसावर मृत्यू पावलेला प्रभू ‘तिसऱ्या दिवशी’ उठला, असे आपण विश्वासांगीकारात म्हणतो, ते शुक्रवार धरूनच. आरंभ धरावयाचा की नाही, ही मोजणाऱ्याची रीत आहे. जुन्या काळी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. यातली कोणतीच रीत खोटी नव्हे. सांगणारा एका रीतीने सांगतो आणि ऐकणारा दुसऱ्या रीतीने ऐकतो, तेव्हा चूक जन्मास येते. सीझर आणि पुरोहित यांच्यात तेच झाले. आमची मुलगी आणि तिचा संगणक यांच्यातही तेच.

पंचांगाची कथा येथे संपत नाही. सीझरचा नियम नीट पाळला गेला तरी त्याचे वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे 11 मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटांची काय मातब्बरी? पण फेरा दरवर्षी फिरत होता. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवस मागे सरकला, आणि त्याच्या आधाराने ठरणारा ईस्टरचा सण आपल्या जागेवरून ढळू लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये दुरुस्ती केली. लुईजी लिलिओ या वैद्याने योजना आखली होती आणि येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लाविउस यांनी तिचे समर्थन व विवरण केले. त्या वर्षी 4 ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर एकदम 15 ऑक्टोबरचा शुक्रवार उगवला. लोकांच्या लक्षात राहिले ते हे गळालेले दहा दिवस. परंतु आमच्या दृष्टीने ती सुधारणेची लहान बाजू होय. नुसते दहा दिवस गाळले असते तर ती आमच्या 52 किलोंसारखी मलमपट्टी झाली असती. फेरा तसाच फिरत राहिला असता आणि काही शतकांनी पुन्हा दिवस गाळावे लागले असते. खरी दुरुस्ती नियमात झाली. ज्या शतकवर्षाला 400 ने पूर्ण भाग जात नाही त्यात अधिक दिवस धरावयाचा नाही, असे ठरले. म्हणून 1900 मध्ये 29 फेब्रुवारी नव्हता आणि 2000 मध्ये होता.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते व ती आमच्या मताला थोडी मुरड घालते. मलमपट्टी सदैव निषिद्ध असते असे नाही. साचलेले दहा दिवस काढून टाकणे आवश्यकच होते. 31 डिसेंबर 2008 रोजी ‘झून’ नावाच्या संगीत ऐकण्याच्या यंत्राच्या एका नमुन्याची यंत्रे जगभर एकाएकी ठप्प झाली. वर्ष काढणाऱ्या लूपमध्ये लीप वर्षाच्या 366 व्या दिवसाचा विचार अपुरा राहिला होता. दिवस 365 हून अधिक, म्हणून फेरा थांबेना. आणि 366 हून अधिक नाही, म्हणून वजाबाकी होईना. यंत्र जागच्या जागी गरगरत राहिले. तेव्हा उत्पादकांनी लोकांना सांगितले की विजेरी संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा भारित करून चालू करा. त्या दिवसापुरते दुसरे काय सांगणार? अडचणीच्या वेळी तात्पुरता उपाय हे दयेचे कृत्यही असू शकते. अट एकच: तो तात्पुरता आहे हे उघड सांगितले पाहिजे, आणि मूळ शोधण्याचे काम त्याने संपले असे मानता कामा नये. आम्ही 52 ची ओळ घातली तेव्हा शेजारी ‘चूक सापडलेली नाही’ असे लिहिले असते, तर ती असत्य ठरली नसती. आम्ही ती लिहिली ती चूक सापडलेली नाही हे दिसू नये म्हणून.

आता चूक आणि दोष यांतील भेदाकडे वळू. मुलीने 0 ऐवजी 1 लिहिले, ही चूक होती. तिला ठाऊक नव्हते. आपली धर्मशिकवण एखादे पाप गंभीर ठरविताना विषय किती भारी हे पाहते, तसेच करणाऱ्याला पूर्ण जाणीव होती काय आणि त्याने मनापासून संमती दिली काय, हेही पाहते. ही कसोटी येथे लावून पाहावी. विषय क्षुल्लक आहे, एका स्वाध्यायाचा. पण पहिल्या चुकीत जाणीव नव्हती. मलमपट्टीत ती होती. कारण कळलेले नाही हे आम्हांस कळत होते, आणि तरीही आम्ही संमती दिली. म्हणजे त्या संध्याकाळी त्या ओट्यावर चुकली ती मुलगी, दोषी ठरलो ते आम्ही. शिवाय आमच्या दोषाने एक धडाही शिकविला: मोठी माणसे उत्तर जुळवून घेतात. वर्गात जन्मभर आम्ही शब्दांनी जे शिकविले त्याहून हा धडा अधिक खोल रुजला असता, जर त्या मापाडी गृहस्थांना घरी यावयास थोडा उशीर झाला असता.

कोणी म्हणेल, एवढे मनास लावून घेण्यासारखे काय आहे? दहा पोत्यांतील एक गळाले. नऊ तर आली ना? या प्रश्नाचे उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शंभर मेंढरांचा धनी नव्व्याण्णव सोडून एकासाठी रानात निघतो, हा दृष्टांत आपण करुणेचा म्हणून ऐकतो, आणि तो आहेही. पण त्या करुणेच्या आधी एक कोरडे काम घडले असले पाहिजे, त्याकडे आमचे लक्ष या प्रसंगापूर्वी कधी गेले नव्हते. त्या धन्याने मेंढरे मोजली होती. आणि नीट मोजली होती. तो ‘साधारण शंभर’ म्हणणारा असता किंवा नव्व्याण्णवांत एक मनाने मिळवून निजणारा असता, तर हरवलेले मेंढरू हरवले आहे हे कोणाला कळले असते? अचूक मोजणी ही काही रुक्ष माणसांची आवड नव्हे. जो गळाला त्याच्यावरील प्रेमाची ती पहिली पायरी आहे. यादीतून गळालेले पोते कोणा तरी शेतकऱ्याचे असते. मदतीच्या यादीतून गळालेले नाव कोणा तरी घराचे असते. आणि यादी मोठी असली म्हणजे गळालेल्याचा आवाज बेरजेत ऐकू येत नाही.

आज अशा याद्या माणसे करीत नाहीत, यंत्रे करतात. आणि त्यांना सांगणारी ही आमच्या मुलीसारखीच मुले असणार आहेत. म्हणून त्यांना लूप लिहावयास शिकविण्याइतकेच, आपला लूप चुकलेला असू शकतो हे सहन करावयास शिकविणे अगत्याचे वाटते. संगणकातील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात 9 सप्टेंबर 1947 रोजी खरोखरच एक पतंग सापडला, आणि तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शब्द त्याआधीचा, एडिसनही तो वापरीत असे. त्या शब्दाचा एक दुष्परिणाम मात्र आम्हांस जाणवतो. किडा म्हटले की तो बाहेरून आला असे वाटते. खऱ्या पतंगाचे ठीक. पण लूपमधील चूक बाहेरून येत नाही, ती आपणच लिहिलेली असते. तिला शोधावयाचे तर आपलेच शब्द दुसऱ्याचे असल्यासारखे वाचावे लागतात: मला काय म्हणावयाचे होते ते नव्हे, मी प्रत्यक्षात काय म्हटले ते. पापनिवेदनाआधी आपण जे अंतःपरीक्षण करतो, त्याची ही धाकटी बहीणच म्हणावयास हवी. हेतूंची फेरतपासणी करून माणूस सहज सुटतो; कृत्यांची ओळीओळीने केलेली तपासणी त्याला सुटू देत नाही.

आणि ही तपासणी एकदा करून भागत नाही. डाइक्स्ट्रा यांनी बजावले होते की चाचण्यांनी चूक आहे हे दाखविता येते. चूक नाही हे दाखविता येत नाही. तेव्हा मुलीचा आजचा लूपही निर्दोष आहे अशी हमी आम्ही देणार नाही. एवढेच म्हणू की तो आता रिकाम्या काट्यावर शून्य दाखवितो.

निघताना तिने विचारले, “सर, वहीतलं चुकीचं पान फाडून टाकू?” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच वडील म्हणाले, “वजनाच्या पट्टीवर आम्ही खाडाखोड करत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.”

तिने तसेच केले. 52 च्या ओळीवर एक आडवी रेघ ओढली, बाजूला आपली आद्याक्षरे घातली, आणि मग पेन आमच्यापुढे धरले. ती ओळ आमच्या सांगण्यावरून लिहिलेली होती, हे ती विसरली नव्हती. आम्ही चष्मा पुसला आणि तिच्या सहीखाली आमची सही केली.